साबण समितीच्या अध्यक्षबाई

मेरिगल क्रीक,
मार्चचा शेवटचा रविवार, चर्च आटोपून, जेवणाआधी

ती. विनीताईस,

धाकट्या क्लेमचा नमस्कार. साष्टांग घालायला माझी हरकत नव्हती, पण गेल्या हिवाळ्यापासून उजवा गुडघा एकदा खाली गेला की वर यायचं नाव घेत नाही, आणि मला उठवायला घरात कुत्र्याखेरीज कोणी नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. तुझी प्रकृती कशी आहे? तिकडे न्यूझीलंडात, डनेडिनला, म्हणे आत्तापासूनच गारठा सुरू झाला. लेक तुला सकाळी तो हिरवा पाला वाटून प्यायला देते, तो अजून पितेस की खिडकीतल्या कुंडीला पाजतेस? (मागच्या पत्रात कुंडी वाळल्याचं लिहिलं होतंस, म्हणून विचारलं.) जावईबापूंना माझा आशीर्वाद सांग. ते जेवताना अजून बातम्या लावत असतील तर आशीर्वाद जेवण झाल्यावर सांग.

इकडे सर्व क्षेम आहे. पावसाने दोनदा येतो म्हणून निरोप पाठवला आणि आला नाही. धान्याच्या सायलोवर गुलाबी काकाकुव्यांनी वस्ती केली आहे आणि पहाटे ते सगळ्या गावाच्या वतीने भांडतात. मेजर आता ठार बहिरा झाला आहे, तरी बिस्किटाचा डबा उघडला की शेपूट हलवत येतो, म्हणजे माझ्याचसारखा सोयीचं तेवढं ऐकतो. तुझ्या खोलीच्या खिडकीला मी नवी जाळी बसवली. का बसवली असं विचारशील, तर जुनी फाटली होती.

पत्रास कारण की, कारण आहे. पण ते इथेच सांगितलं तर पुढचं तू वाचणार नाहीस. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तेव्हा आधी हकीकत ऐक. यंदा मेंढ्यांच्या कातरणीनंतरच्या शनिवारी आईचा तांब्याचा हंडा साबणासाठी चुलीवर चढणार की नाही, असा प्रश्न गावापुढे उभा राहिला आहे. हसू नकोस. नेव्हिल डर्किनच्या पबचा फ्रीझर मेंढीच्या चरबीने काठोकाठ भरला आहे, आइस्क्रीम ठेवायला जागा नाही म्हणून शाळेची पोरं त्याच्याशी बोलत नाहीत, आणि त्या चरबीचं काय करायचं हे आता सिडनीत ठरणार आहे.

झालं असं. बँकेची जुनी इमारत विकली गेल्याचं तुला कळवलं होतं. ती डेस्मंड पाईक नावाच्या गृहस्थांनी घेतली. विधुर, उंच, उन्हात गेले की नाकाला पांढरं मलम लावणारे. हयात गेली सरकारच्या रसायन नोंदणीच्या खात्यात. या देशात जो कोणी रंग, डिंक, साबण, फिनेल असलं काही तयार करून विकतो किंवा परदेशातून मागवतो, त्याने आधी त्या खात्यात नाव घालायचं, आपण काय करतो ते सांगायचं, आणि त्यापायी कोणाचा डोळा, फुप्फुस किंवा ओढा बिघडणार नाही याची काळजी घ्यायची, असा कायदा आहे म्हणे. पाईकसाहेब हीच नावं घालून घेत म्हातारे झाले. माणूस वाईट नाही, पण हातात बाटली आली की आधी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतो. पबमध्ये पहिल्या दिवशी त्यांनी टोमॅटो सॉसची बाटली इतकी मन लावून वाचली की ताटातले सॉसेज गार झाले, आणि नेव्हिलला वाटलं की आपल्यावर धाड पडली आहे.

तर गेल्या सप्टेंबरच्या जत्रेत (या खेपेला मेंढ्यांपेक्षा लांब मानेचे अल्पाका जास्त होते, बाबांनी तोंड फिरवलं असतं) आपल्या साबणाच्या टेबलावर ग्वेन टली बसली होती. ग्वेन तुला माहीतच आहे. नवरा गेल्यापासून तिला भांडायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून ती साबण समितीत आली. पाईकसाहेबांनी वडी उचलली, वास घेतला, उलटी केली. मागे वाचायला काही नाही, नुसता तपकिरी कागद आणि सुतळी. त्यांनी विचारलं, “तयार साबण आणून वितळवता आणि साच्यात ओतता, असंच ना?”

ताई, इथे ग्वेन नुसतं ‘हो’ म्हणाली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तयार साबण वितळवून पुन्हा वड्या पाडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. पण ग्वेनचा चेहरा असा झाला की जणू तिच्या हातच्या स्कोन-पावात दुकानचं तयार पीठ निघालं.

“वितळवता? अहो, आम्ही मेंढीपासून सुरुवात करतो. चरबी आमची, हंडा आमचा, कॉस्टिक सोडा ड्रममधून आम्हीच काढतो. विकतचा साबण या टेबलावर यायची टाप नाही.”

“म्हणजे तुम्ही रसायन तयार करता,” पाईकसाहेब म्हणाले.

“तोंड सांभाळून बोला. साबण करतो आम्ही.”

पाईकसाहेबांनी मग तिथे उभं राहून समजावलं की चरबी आणि कॉस्टिक एकत्र आले की दोघांचंही वेगळेपण जातं आणि तिसरंच काही जन्माला येतं, ते तिसरं कायद्याच्या लेखी रसायन, आणि ते विकायला जन्माला घालणाऱ्याने नाव नोंदवायचं असतं. एवढ्यात नेव्हिल आला. तो समितीचा चिटणीस. पाईकसाहेबांनी त्याला विचारलं, तुमच्याकडे या कामाची जबाबदारी कोणाची? नेव्हिल छाती पुढे काढून म्हणाला, “आमच्या अध्यक्षबाईंची. एडा हार्टिगन.”

“त्यांना भेटता येईल का?”

“कधीही जा. कुठे जात नाहीत त्या. चर्चच्या मागे, मिरीच्या झाडाखाली.”

यात नेव्हिलचा खोडसाळपणा काडीचा नव्हता. त्याला विचारलं तेवढं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या गुलाबांना पाणी घालायला गेलो, तर हे गृहस्थ तिथे हॅट काढून उभे, एका काखेत फाइल, दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा (पहिल्यांदाच कोणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, अशी चांगली वळणाची माणसं आहेत ती), आणि दगडावरची अक्षरं वाचताहेत.

“या बाई वारल्या आहेत,” ते मला म्हणाले.

“हो. माझी आई.”

“क्षमा करा. पण चिटणीस म्हणाले की अध्यक्ष त्याच आहेत.”

“त्याच आहेत.”

त्यांनी जरा विचार केला आणि मला बिस्किट दिलं. आम्ही कठड्यावर बसून अर्धा पुडा संपवला. मी त्यांना आमची पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि सांगताना मलाच ती पहिल्यांदा नीट ऐकू आली.

तुला ही पद्धत मी पत्रातून कधी सांगितली नाही, कारण तुझ्यासारख्या सरळ बाईला ती पटली नसती. आई गेली त्या वर्षीच्या वार्षिक बैठकीत चहा झाल्यावर नेव्हिलने सवयीने विचारलं, अध्यक्षपदासाठी नाव? ग्वेनने सवयीने म्हटलं, एडा. कोणाचा विरोध? विरोध कोण करणार, तिच्या हयातीत कोणी केला नव्हता. ठराव मंजूर झाला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. नेव्हिलने नाक शिंकरलं. पुढच्या वर्षी तीच गत, कारण ‘अहो, ती गेली’ हे आधी कोणी म्हणायचं? तेव्हापासून दरवर्षी आई बिनविरोध निवडून येते. तिची खुर्ची तिथेच आहे, उशीसकट. (नवे पाद्री एकदा त्या खुर्चीवर बसले होते. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत राहिला, तेव्हा ते पाय मोकळे करायला म्हणून उठले आणि पुन्हा काही बसले नाहीत.) वाद झाला की ‘एडा काय म्हणाली असती’ असं विचारायचं आणि तसं करायचं. खरं सांगतो, जिवंत अध्यक्ष असलेल्या गावातल्या बाकीच्या समित्यांपेक्षा आमचं बरं चाललं आहे.

पाईकसाहेब एवढंच म्हणाले, “खात्यात याला कुठला रकाना आहे, आठवत नाही.”

आता थोडं मागचं. तुला मेंढ्यांच्या उवा-गोचिड्या मारायच्या औषधाचा, डिपचा, हौद आठवतो ना? पत्र्याच्या शेडमागचा तो लांबट खड्डा, आणि एकेक मेंढी ढकलली की नाक वर धरून पोहत पलीकडे निघायची ती. पिवळ्या डब्यातली पूड बाबा काठीने ढवळायचे, आणि काठी सापडली नाही तर हाताने. त्या डब्यावर कवटीचं चित्र होतं, आणि आपण ते चाच्यांचं निशाण समजून किती खेळलो. रिकाम्या डब्यांत आपण बेडकाची पिल्लं पाळायचो आणि दर खेपेला ती मरतात कशी याचं नवल करायचो. डब्यावर कंपनीचं नाव होतं, पत्ता होता, मेंढी किती वेळ बुडवायची ते होतं. बुडवणाऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुढे बाबांच्या तळहातांवर मक्याच्या दाण्यांसारख्या गाठी आल्या. डॉक्टर म्हणाले, काम करणाऱ्याचे हात आहेत, असे व्हायचेच. मला मिसरूड फुटायच्या आत बाबा गेले, आणि तेव्हाही कोणी त्या डब्याचं नाव घेतलं नाही. (हे मी पाईकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मेंढ्यांची औषधं आमच्याकडे येत नव्हती, त्याला वेगळं खातं. म्हटलं, बाबांना ते ठाऊक नव्हतं.)

आईने मात्र डब्याचं नाव घेतलं होतं, फार आधी, स्वतःच्या पद्धतीने. दुकानच्या साबणाने तो वास जात नाही म्हणून तिने स्वतःचा साबण काढला. बाबा शेडवरून आले की न्हाणीघराच्या दाराशी उभे. एवढा सहा फुटी माणूस, पण दोन्ही हात पुढे करून शाळेतल्या पोरासारखा. आई ते हात नाकाशी न्यायची. “आज काय लावून आलास? कुठल्या डब्यातलं? धू. कोपरापर्यंत. अजून येतोय वास, परत धू. पोरांना हात लावायचा नाही तोवर.” आणि बाबांनी मला उचलायला हात लांब केला की ती मधे उभी राहायची. लहानपणी मला वाटायचं, आईला बाबांचा राग येतो. आता या वयात कळतं ते काय होतं. सांगायचं म्हणजे पाईकसाहेबांचं खातं तरी दुसरं काय विचारतं? हाताला काय लागलंय, कुठून आणलंस, आणि ते पोरांपर्यंत पोचणार नाही ना. फक्त ते विचारायला त्यांना जास्त पानं लागतात.

असो. जत्रेनंतर हॉलमध्ये बैठक झाली. पाईकसाहेबांनी सांगितलं, फार अवघड नाही, कोणीतरी आपलं नाव द्या. आणि ताई, जे गाव दुष्काळाला भ्यालं नाही ते इथे चळाचळा कापलं. ग्वेन म्हणाली, मी फक्त सुतळी बांधते. नेव्हिल म्हणाला, चरबी माझ्याकडे नुसती वस्तीला असते. मी म्हटलं, मी ढवळतो, पण सोडा मी घालत नाही. सोडा घालणारा केव्हिन म्हणाला, मी सोडा पाण्यात घालतो, चरबीत कधीच नाही. पाईकसाहेब सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हणजे हा साबण कोणीच करत नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. “आणि तरी तो होतो.” त्यालाही माना डोलावल्या, कारण मुद्दा खरा होता.

शेवटी नेव्हिलनेच तोड काढली. सरकारला अध्यक्षाचं नाव पाहिजे ना, मग अध्यक्षाचंच देऊ. पाईकसाहेब त्या वेळी बाहेर नाकाला मलम लावत होते. नेव्हिलने पबच्या कॉम्प्युटरवर बसून एडा हार्टिगन, व्यवसाय साबण, असं भरून टाकलं. त्यात आडनाव विचारलं, पत्ता विचारला, फोन विचारला (पबचा दिला). बाई हयात आहेत का, असं कुठेही विचारलं नाही, त्यामुळे नेव्हिलच्या मते आपण खोटं काहीच बोललेलो नाही. हॉलमध्ये सगळ्यांना फार बरं वाटलं. मलाही वाटलं, ते कशाला लपवू. इतक्या वर्षांनी आईला कोणीतरी अधिकृत कागदावर साबणवाली म्हटलं होतं.

मग सिडनीहून, त्या खात्यातून, फोन आला. त्रिनबाई म्हणून एक होत्या, आवाज तरुण, बोलणं अदबीचं. मी तेव्हा पबमध्येच होतो (जेवायला, काय म्हणशील ते मला माहीत आहे). नेव्हिलने फोन घेतला.

“श्रीमती हार्टिगन आहेत का?”

“आत्ता नाहीत.”

“कधी भेटतील?”

“ते काही तुमच्याआमच्या हातात नाही, बाई.”

“प्रवासात आहेत का?”

“तसंच म्हणायचं.”

“बरं, त्या परत आल्या की मला फोन करायला सांगाल?”

नेव्हिलने टोपी मागे सारली. “त्या परत आल्या तर आधी पाद्रीसाहेबांना फोन करावा लागेल. मग तुम्हाला.”

मी नेव्हिलच्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगितलं. हौद, डबे, न्हाणीघराचं दार, बिनविरोध निवडणूक, चरबी, सगळं. सरकारी बाई फोन ठेवून देतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “आमच्या आजीची पावाची बेकरी होती. पाटीवर अजून तिचंच नाव आहे, आई बदलू देत नाही. पण काका, परवाना आईच्या नावावर आहे. तुमच्या साबणाच्या कागदावर तुमच्या आईचं नाव खुशाल राहू दे. मला फक्त फोन उचलेल असं कोणीतरी द्या. नाहीतर यंदा विकायला साबण करू नका.”

म्हणजे पुन्हा बैठक. या वेळी पाईकसाहेबांनी तयारी करून आणली होती. म्हणाले, नाव नंतर बघू, आधी काम सुरक्षित कसं करायचं ते समजून घेऊ. चष्मा काढून पुसला आणि वाचायला लागले. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. मागच्या बाकावरून केव्हिन म्हणाला, एडा तेच सांगायची. डोळ्यांवर चष्मा. ग्वेन म्हणाली, बाबा हार्टिगनांचा मोटारसायकलचा चष्मा आहे, खिळ्याला. बाह्या खाली, बूट बंद, जवळ भरलेली पाण्याची बादली. सगळा हॉल एकदम बोलायला लागला. लहान मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावं. नेव्हिल उठून उभा राहिला. “दोर,” तो म्हणाला, आणि त्याने टोपी काढली.

दोर तुला आठवतो, तुला नाही आठवायचा तर कोणाला. हंड्याभोवती चार खुंट्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. आत फक्त आई आणि तू. आम्ही बाकीचे पोट दोरीला लावून बाहेर. किती हेवा वाटायचा तुझा. चेहरा लालबुंद, कपाळावर बाबांचा चष्मा, आणि आईने मान हलवली की तू ढवळायचं वल्हं उचलायचीस, एक शब्द न बोलता. एकदा मी दोरीखालून आत सरकलो तर आईने नाही, तूच मला कानाला धरून बाहेर काढलंस. तो कान थंडीत अजून दुखतो. (दुखत नाही. पण दुखत असता तर मला बरं वाटलं असतं.) तू लग्न करून समुद्रापलीकडे गेलीस तेव्हा दोरीच्या आत माझी वर्णी लागली, पण ढवळताना आई मला चुकून विनी म्हणायची, आणि मी कधी तिची चूक सुधारली नाही.

पाईकसाहेबांनी कागद खाली ठेवला. म्हणाले, यात माझ्याकडून घालण्यासारखं काही नाही, फक्त नाव हवं. पुन्हा कोणी आपलं नाव देईना. मला तेव्हा उमगलं की हे सरकारला भिऊन नाही. आईच्या जागी कोणाचंही नाव लिहिलं की आई गेली हे आपण मान्य केलं असं होतं, आणि ते इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून टाळलं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच होतं, मुलगा मी. मी उठलो आणि म्हटलं, माझा गुडघा धड नाही, मेजर बहिरा आहे, फोन वाजला तर आमच्या घरात ऐकणार कोण? नाव विनीताईचं द्या. दोरीच्या आत आईने आपणहून घेतलेलं माणूस ते एकच.

हॉलमध्ये असा सुटकेचा निःश्वास सुटला की ग्वेनच्या स्कोनवरची साखर उडाली असेल. नेव्हिलने विचारलं, कोणाचा विरोध? कोणाचा नव्हता. ग्वेनने आईच्या खुर्चीवरची उशी उचलली आणि धुवायला घरी नेली. इतक्या वर्षांत त्या उशीला पहिल्यांदा कोणी हात लावला, आणि ती दारातून बाहेर जाईपर्यंत सगळे उभे राहिले. पाईकसाहेबसुद्धा. घरी जाताना ते मला म्हणाले, आयुष्यभर हजारो रसायनांची नावं लिहून घेतली, पण एकही जन्माला येताना पाहिलं नाही, तर शनिवारी दोरीबाहेर उभं राहिलं तर चालेल का? म्हटलं, पोट दोरीला लावून उभे राहा, हात आत घालायचा नाही.

तर असं आहे. रागावू नकोस. तुला न विचारता केलं हे खरं, पण तुला विचारून या गावात आजवर कोणाचं काही झालेलं नाही. काम फारसं नाही. वर्षातून एकदा नूतनीकरण, आणि त्रिनबाईंचा फोन आला तर उचलायचा. मुलगी गोड आहे, तिला बेकरीबद्दल विचार.

फार लिहिलं. तुझ्या लेकीला, नातवंडांना अनेक आशीर्वाद, कुंडीला पाणी. पत्राची पोच फोनवर दिलीस तरी चालेल, मी ऐकून घेईन.

तुझा,
क्लेम

ता. क. कातरणी एप्रिलच्या मध्यात संपेल असं केव्हिन म्हणतो. वल्ह्याला जवसाचं तेल लावून ठेवलं आहे. बाबांच्या चष्म्याचा पट्टा तुटला होता, तो ग्वेनने तुझ्या डोक्याच्या मापाने शिवला. माप तिने अंदाजाने घेतलं, म्हणाली, विनीचं डोकं मोठं होतं.

आणखी एक. तुझ्या खोलीला जाळी बसवल्याचं वर लिहिलंच आहे. रंगही दिला. (डबा आधी उलटा करून मागचं सगळं वाचलं, खिडक्या उघड्या ठेवल्या.) पलंगाची कुरकुर काढली. जुनी जाळी, खरं तर, फारशी फाटली नव्हती.

शेवटचं. पाईकसाहेबांनी सांगितलेला एक बारीक नियम लिहायचा राहिला. नोंदणी ज्याच्या नावावर असेल ते माणूस या देशात राहणारं असावं लागतं, न्यूझीलंडात बसून चालत नाही. हे त्यांनी मला बैठकीच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणून तर मी तुझं नाव घेतलं.